आवाज बंद करून पाहिलेले गाणे

महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी आणि मुलांच्या वसतिगृहांचे अधीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात मराठी शिकवले आणि त्यातली सोळा वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून काढली. मेसच्या भाजीत पाणी किती आणि टँकर कधी येणार या दोन तक्रारींखालोखाल माझ्या टेबलापर्यंत सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार एकाच प्रकारची होती. मुलगी नको म्हणते, मुलगा ऐकत नाही, मग मुलीचा भाऊ चार मित्र घेऊन फाटकाशी उभा राहतो. अशा वेळी मी मुलाला समोर बसवून त्याच्याशी बोलत असे आणि जवळपास प्रत्येक वेळी त्याचे उत्तर ठरलेले असे: "सर, ती वरवर नाही म्हणते." हे त्याला कोणी सांगितले, असे विचारले तर तो गप्प बसे. घरी याविषयी कोणी अवाक्षर काढलेले नसे आणि शाळेत प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिलेला असे. उरले ते मित्र आणि चित्रपट, आणि मित्रांनाही जे ठाऊक होते ते चित्रपटांतूनच आलेले होते.

म्हणून या पत्रात मला आपल्याकडे एकच गोष्ट मागायची आहे. मुलगी नकार देते तेव्हा पुरुषाने काय करायचे, हे आपल्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी घ्यावी, आणि त्यासाठी ज्या साधनाने ही शिकवणूक बिघडली तेच साधन, म्हणजे चित्रपट, हाती घ्यावे.

सध्या आपण काय करतो ते आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिच्या सदस्यांच्या नावांचा फलक कार्यालयाबाहेर लावलेला असतो. मार्च महिन्यात महिला दिनाला एखाद्या पोलीस अधिकारी बाई येतात, मुलींना स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके दाखवतात, आणि त्या वेळी मुले मैदानावर क्रिकेट खेळत असतात, कारण कार्यक्रम "मुलींचा" असतो. त्याच महाविद्यालयात डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग होते, रोझ डेला कोणत्या मुलीला किती गुलाब मिळाले याची मोजणी चालते आणि फिशपाँडमध्ये कोणाचे नाव न घेता एखाद्या मुलीवर असे काही वाचले जाते की ती पुढचे आठ दिवस तासाला येत नाही. हे सारे आपल्या परवानगीने, आपल्या अध्यक्षतेखाली होते. मी स्वतः अशा दोन फिशपाँडांना पहिल्या रांगेत बसून हसलो आहे, तेव्हा आपल्याला दोष देताना मी वेगळ्या बाकावर बसलेलो नाही.

नकार ऐकण्याची सवय आपल्या समाजात पुरुषाला लागतच नाही, याचे कारण मला आपल्या लग्न जुळवण्याच्या रीतीत दिसते. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलगा मुलीला पाहतो आणि मुलाकडून "कळवतो" असे सांगून निघण्याचा प्रघात असतो. नकार मुलीकडून द्यायचा झाला तर तो कधी मुलीचा म्हणून पोहोचत नाही. पत्रिका जुळत नाही, मंगळ निघाला, मामाचे गोत्र आडवे आले, असे काहीतरी निमित्त मध्यस्थाच्या तोंडी घातले जाते. परिणामी तीन पिढ्यांच्या बापे-मंडळींनी "मला हा मुलगा पसंत नाही" हे वाक्य एखाद्या मुलीच्या तोंडून सरळ ऐकलेलेच नाही. अशा घरातला मुलगा महाविद्यालयात येतो, एखाद्या मुलीकडे ओढला जातो, आणि तिने नाही म्हटल्यावर त्याला ते उत्तर वाटत नाही, अडचण वाटते. अडचण काढायची असते, तशी तो ती काढायला लागतो. आपल्या भाषेने त्यासाठी "पटवणे" हा शब्द आधीच तयार ठेवला आहे.

चित्रपटाने या अडाणीपणाला आकार दिला. यश चोप्रांचा "डर" 1993 मध्ये आला तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि तो मी दोनदा पाहिला. किरण नावाच्या मुलीचा पिच्छा पुरवणारा राहुल हा कथेतला खलनायक आहे, पडद्यावर तो शेवटी मारलाही जातो. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना लोकांच्या ओठांवर त्यानेच अडखळत घेतलेले किरणचे नाव होते, आणि तू हो म्हण किंवा नाही म्हण, तू माझीच आहेस अशा अर्थाचे त्याचे गाणे पुढे वर्षानुवर्षे वरातींत वाजत राहिले. कथा एक सांगत होती आणि सूर, चेहरा, कॅमेरा दुसरेच काही सांगत होते. तरुण प्रेक्षक कथा विसरतो, सूर लक्षात ठेवतो.

दोन दशकांनी, 2013 साली, दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाठलाग करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम 354-ड खाली स्वतंत्र गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे, तिच्याशी संपर्क साधू पाहणे, इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे हे त्यात येते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात "रांझणा" प्रदर्शित झाला. बनारसच्या गल्ल्यांत एका मुलीच्या मागे वर्षानुवर्षे फिरणारा आणि नकार मिळताच मनगटाची शीर कापून घेणारा त्यातला कुंदन पाहताना माझ्या वसतिगृहातली मुले रडली. कायद्याची भाषा मुलांपर्यंत पोहोचली नाही, कुंदन पोहोचला. हात कापून घेतलेली तीन मुले माझ्या कारकिर्दीत मी स्वतः स्कूटरवर ग्रामीण रुग्णालयात नेली आहेत. त्यांपैकी एकाचेही कृत्य चित्रपटामुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. एवढे मात्र सांगतो की ते कृत्य मुलीपर्यंत कसे "पोहोचवायचे" हे तिघांनाही नेमके माहीत होते.

आपल्या वृत्तपत्रांनी या प्रकाराला "एकतर्फी प्रेम" असे नाव दिले आहे. 1990 मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळले गेले आणि 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले गेले. या तीस वर्षांत बातमीतला शब्द बदलला नाही. ज्यात प्रेम नाही त्याला प्रेम म्हणायची ही सवय कोठून आली, याचा शोध भाषेच्या शिक्षकाने घ्यायला हवा होता. मी तो फार उशिरा घेतला.

आता मी काय करून पाहिले ते सांगतो. शेवटची सहा वर्षे आम्ही शनिवारी रात्री जेवणानंतर मेसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावत असू. एका शनिवारी चित्रपटाच्या ऐवजी मी नव्वदच्या दशकातले एक गाजलेले हिंदी गाणे लावले, ज्यात नायक मुलीची वाट अडवतो, ओढणी ओढतो, तिच्या मैत्रिणींसमोर नाचतो आणि दुसऱ्या कडव्यात ती हसते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग तेच गाणे मी आवाज पूर्ण बंद करून पुन्हा लावले. पहिले अर्धे मिनिट हशा झाला, नंतर तो आपोआप विरला, आणि मागून कोणीतरी म्हणाले, "सर, हिला घरी जायचंय."

त्या एका वाक्यात मुलांना जे उमगले ते मी दहा व्याख्यानांत सांगू शकलो नसतो. गाणे हे चित्रपटातले वेळ गिळणारे यंत्र आहे. पाच मिनिटांत चार महिने सरतात, आणि त्या चार महिन्यांत मुलीने बसथांबा बदलला का, शिकवणी सोडली का, आईला सांगितले का, यातले काहीच आपल्याला दिसत नाही, कारण कॅमेरा नायकाच्या खांद्यावर बसलेला असतो. व्हायोलिन वाजते तेव्हा आपण तिच्या चेहऱ्यावरचा वैताग लाज म्हणून वाचतो. मुलांना चित्रपट वाचायला शिकवणे म्हणजे एवढेच: कॅमेरा कोणाच्या बाजूला आहे, आवाज काढला तर काय उरते, आणि मधला वेळ कोणाच्या आयुष्यातून कापला गेला.

अर्थात लगेच पुढचा प्रश्न आला, आणि तो रास्त होता: "मग विचारायचंच नाही का?" गावाकडच्या मुलाला मुलीशी साधे बोलायलाही जागा नसते, एसटीत बाजूला बसले तरी गावात बातमी होते. शहरातले लोक ज्याला डेटिंग म्हणतात तो मधला टप्पा, जिथे दोन माणसे एकमेकांना कोणत्याही बांधिलकीशिवाय ओळखून घेतात आणि पुढे जायचे नाही असे ठरवूही शकतात, तो आमच्या मुलांच्या जगात नाही. तिथे एका टोकाला कांदेपोहे आहेत आणि दुसऱ्या टोकाला पळून जाणे. म्हणून मी त्यांना बासू चटर्जींचा "छोटी सी बात" दाखवला. तो 1976 चा चित्रपट आहे, म्हणजे "दीवार"मधल्या संतप्त तरुणाच्या पाठोपाठ आलेला, आणि त्यातला अमोल पालेकरांचा अरुण बसथांब्यावर दिसणाऱ्या प्रभाशी चार शब्द बोलायलाही घाबरतो. तोही तिच्या मागे कार्यालयापर्यंत चालत जातो, हे आमच्या मुलांनी लगेच पकडले. पुढे खंडाळ्याला राहणारा एक निवृत्त कर्नल त्याला आत्मविश्वासाचे धडे देतो, आणि त्यातले काही धडे निव्वळ प्रतिस्पर्ध्याची फजिती करण्याच्या युक्त्या आहेत. त्यांचे मी समर्थन केले नाही. पण प्रभा नोकरी करते, दोन पुरुषांशी बोलते, दोघांसोबत जेवायला जाते आणि कोणाला काय सांगायचे हे स्वतः ठरवते, हे आमच्या मुलांनी पडद्यावर इतक्या सहजपणे कधी पाहिले नव्हते.

"मुंबई-पुणे-मुंबई" त्यांना जवळचा वाटला, कारण तिथे मराठी मुलगी नकार द्यायलाच मुंबईहून पुण्याला येते, तोही पत्रिकेआडून न देता समोरासमोर. दिवसभर दोघे फक्त चालतात आणि बोलतात. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याला ती नकार द्यायला आली तो मुलगा आपणच आहोत, हे तो दिवसभर तिच्यापासून लपवतो आणि पटकथेला ते गोड वाटते. मी मुलांना विचारले की तिला हे आधी कळले असते तर ती त्याच्याशी इतके मोकळे बोलली असती का? त्या रात्री वाद साडेअकरापर्यंत चालला आणि शेजारच्या खोलीतून परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्यांची तक्रार आली.

"सैराट"विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांनी हा चित्रपट सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे आणि माझ्या मते अर्धाच पाहिला आहे. आर्चीचा ट्रॅक्टर, बुलेट, विहीर, "झिंगाट", हे त्यांना तोंडपाठ असते. मी मध्यंतरानंतरचा भागच लावला. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, आणि त्यात हळूहळू परश्याच्या मनात शिरणारा संशय. ज्या मुलाने जातीची, पाटलाच्या दहशतीची पर्वा केली नाही, त्याला आर्ची कामावरच्या एका माणसाशी हसून बोलते हे सहन होत नाही आणि तो तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते. नागराज मंजुळे यांनी हे दृश्य घातले नसते तरी शेवट तसाच आला असता. पण ते घातल्यामुळे नायक कोसळतो आणि माणूस उरतो. मुलांपैकी कोणालाच ही थप्पड नीट आठवत नव्हती. एकाने तर छातीठोकपणे सांगितले की असे काही चित्रपटात नाहीच. आपल्याला नायक म्हणून आवडलेल्या माणसाचा हात स्मृती किती चटकन पुसून टाकते, हे त्या दिवशी साऱ्यांनी एकत्र पाहिले. त्यानंतर आर्ची परत येते, आणि का परत येते यावर मुले जे बोलली त्यात त्यांच्या घरातल्या आया होत्या, मावश्या होत्या. ते मी इथे लिहिणार नाही.

"फँड्री"ने माझाच एक समज मोडला. गावाने जातीने खालचे ठरवलेल्या घरातला जब्या वरच्या जातीतल्या शालूशी शेवटपर्यंत एक शब्दही बोलू शकत नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, या समजुतीवर त्याची भिस्त आहे. घरचे सगळे डुकरामागे धावत असताना बघ्यांच्या गर्दीत शालूही हसते. मी आजवर "नकार पचवायला शिका" असे सर्व मुलांना एकाच सुरात सांगत होतो, पण नकार ऐकण्यासाठीसुद्धा विचारण्याइतकी जागा समाजाने द्यावी लागते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. हे मला आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने सांगितले आणि तो दुसऱ्या दिवशी माझ्याशी नजर चुकवून गेला.

दुःख हा आणखी एक विषय. 2019 मधला "कबीर सिंग" त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत होता आणि आमच्याकडच्या मुलांनी दाढी वाढवून तो अंगावर घेतला. मुलगी दुरावली म्हणून तो पितो, मारतो, शस्त्रक्रिया नशेत करतो, आणि भोवतालचे सगळे त्याला सांभाळत बसतात. त्याच्या शेजारी मी 2015 चा "मसान" ठेवला. त्यातल्या दीपकची प्रेयसी, तिचेही नाव शालूच, अपघातात जाते. त्याचे दुःख कबीरच्या दुःखापेक्षा तसूभर कमी नाही. तो गंगेच्या घाटावर मित्रांमध्ये बसून ढसढसा रडतो, हे दुःख संपत का नाही असे विचारतो, आणि मित्र त्याच्याजवळ बसून राहतात. कोणाला मारहाण होत नाही, कोणत्याही मुलीला किंमत मोजावी लागत नाही. दोन्ही चित्रपटांत पुरुष दुःखी आहे. फरक आहे तो त्याच्या दुःखाचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते याचा.

मर्दपणाविषयी बोलताना "नटरंग" टाळू नये. आमच्या वसतिगृहात तालमीत जाणारी मुले बरीच होती आणि "बायल्या" ही त्यांची हातातली शिवी होती. पैलवानी देहाचा गुणा कागलकर राजाची भूमिका करायची स्वप्ने पाहतो आणि फड उभा राहावा म्हणून नाच्या व्हायला तयार होतो, तेव्हा गाव, घर आणि पोटचा मुलगा त्याला ज्या नजरेने पाहतात ती नजर आमच्या हॉलमध्येही होती. त्यासाठी अतुल कुलकर्णी यांनी शरीर आधी कमावले आणि मग उतरवले, हे सांगितल्यावर तालमीतली मुले जरा सरसावून बसली. कष्टाचा मान त्यांना कळतो. त्या वर्षी गॅदरिंगला लावणी करणाऱ्या आमच्या एका मुलाची चेष्टा थांबली असे मी म्हणणार नाही. ती कमी झाली, आणि कमी करणाऱ्यांत दोन पैलवान होते. "जोगवा"ही याच वाटेवरचा चित्रपट आहे, पण तो पचायला जड जातो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ठेवावा.

आता व्यवहाराचे. प्रदर्शनासाठी हक्कधारकांची रीतसर परवानगी घ्या आणि ज्यांना प्रौढांचे प्रमाणपत्र आहे असे चित्रपट अकरावी-बारावीच्या मुलांना दाखवू नका. उपस्थितीसाठी गुण ठेवू नका, नाहीतर मुले येतील आणि बोलणार नाहीत. एका सत्रात चार चित्रपट पुरेत. मुलींनाही बोलवावे का, याविषयी माझे मत दोनदा बदलले आहे. सध्या असे वाटते की पहिले दोन शनिवार मुलांचे वेगळे असावेत, कारण मुलींसमोर मुले शहाणपणाचे नाटक करतात, आणि पुढचे दोन सर्वांचे. फिशपाँड मात्र याच वर्षी बंद करा, त्यासाठी कोणत्याही समितीची गरज नाही.

आणि आपण स्वतः उपस्थित असाल तर पहिल्या रांगेतली खुर्ची घेऊ नका, मागे दाराजवळ बसा. चित्रपट संपल्यावर ट्यूबलाइट लगेच लावू नका. पडदा पांढरा झाल्यावर दहा मिनिटे तसाच अंधार राहू द्या. मुले त्या वेळातच बोलतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक